सलाम, साहेब आणि काली पांचवी

आजचा विषय ऐकल्यावर पहिला प्रश्न आमच्या घरातूनच आला. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचा आणि पलटणीचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो जरा ओशाळवाणा आहे. म्हणून आधी तोच सांगून मोकळा होतो.

मी नवा नवा प्राध्यापक झालो तेव्हा कॉलेजात एनसीसीचा अधिकारी व्हायला कुणी तयार नव्हतं. असं काम नव्या माणसाच्या गळ्यात पडतं, तसं ते माझ्या गळ्यात पडलं. प्रशिक्षण झालं, खांद्यावर तारे आले, डोक्यावर टोपी आली. कवायत शिकवायला लष्कराकडून एक सुभेदार आले होते. 'पीआय स्टाफ' म्हणतात त्यांना. साताऱ्याकडचे, मराठा लाइट इन्फंट्रीचे, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. पहिल्याच परेडला ते समोर आले आणि त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला. मी नेमका टोपी काढून घाम पुसत होतो. गडबडीत तसाच उघड्या डोक्यानं हात कपाळाला लावला. ते काही बोलले नाहीत. परेड संपली, चहा आला, तेव्हा आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच म्हणाले, "साहेब, डोक्यावर टोपी नसंल तर सॅल्यूट द्यायचा नसतोय. नुसतं सावधान हुयाचं." मी विचारलं, "का हो?" तर म्हणाले, "त्यो तुमचा नसतोय साहेब. टोपीचा असतोय."

कांटचं पुस्तक काखेत मारून हिंडणाऱ्या माणसाला दहा सेकंदांत व्यक्ती आणि पद यांतला भेद इतका स्वच्छ कुणी सांगितला नव्हता.

त्यानंतर आमची मैत्री झाली. एकदा मी त्यांना त्यांची पलटण विचारली. म्हणाले, "काली पांचवी." मी म्हटलं, "म्हणजे पाचवी मराठा?" "नाही साहेब, दुसरी." "मग पांचवी कशी?" "आमी तसंच म्हणतो." "आणि काली?" "ते बी तसंच."

आजचं व्याख्यान म्हणजे या दोन उत्तरांचा पाठपुरावा आहे. टोपीचा सॅल्यूट आणि दुसऱ्या पलटणीचं 'पाचवी' हे नाव. पहिली गोष्ट हुकुमानं मिळते. दुसरी कुठल्याच हुकुमात सापडत नाही. या दोहोंमध्ये सैनिकाचा मान कसा वाटला गेलेला असतो ते मला बघायचं आहे. शेवटी एक अशी गोष्ट सांगणार आहे, जिच्यात हुकुमानं मिळालेला मान हुकुमानंच काढून घेतला गेला. ती आपल्या महाराष्ट्रातलीच आहे.

आधी सॅल्यूट. ब्रिटिश आणि भारतीय लष्करात टोपी किंवा फेटा नसेल तर हाताचा सॅल्यूट नाही. कारण सॅल्यूट अधिकारपत्राला आहे आणि त्याची खूण डोक्यावर आहे. आपल्या भूदलात तळवा समोरच्याला दिसतो, नौदलात तो खाली वळलेला असतो, वायुदलात २००६ पासून या दोहोंच्या मधला कोन आहे. पण सगळ्यांत एक गोष्ट समान: कनिष्ठानं आधी करायचा आणि वरिष्ठानं उत्तर द्यायचंच. हे 'द्यायचंच' आपण विसरतो. आपल्या गावच्या जुन्या चालीत कनिष्ठाच्या नमस्काराला वरिष्ठानं मान हलवली काय आणि न हलवली काय, चालत असे. लष्करात कनिष्ठाच्या सॅल्यूटचं उत्तर न देणं ही वरिष्ठाची चूक ठरते. उतरंड पक्की असते, पण देणं दोन्ही बाजूंनी असतं.

याहून गमतीची रीत म्हणजे 'साहेब'. इंग्रजांच्या काळात हिंदी सैन्यात सुभेदार, जमादार हे व्हाइसरॉयच्या सनदेचे अधिकारी. तीस वर्षं चाकरी केलेला सुभेदार मेजरसुद्धा कालच विलायतेहून आलेल्या, मिसरूड न फुटलेल्या सेकंड लेफ्टनंटला आधी सॅल्यूट करी. पण तो पोरगा त्याला नुसत्या नावानं हाक मारू शकत नसे. 'सुभेदार साहेब' असंच म्हणावं लागे. हा त्याला साहेब म्हणणार, तो याला साहेब म्हणणार. आजही ज्युनियर कमिशन्ड ऑफिसरला अधिकारी 'साहेब' म्हणतात. हात एक गोष्ट सांगतो आणि जीभ दुसरी. हातानं हुद्दा मोजला जातो, जिभेनं वय आणि अनुभव. जुन्या दरबारातली नजराण्याची चालही अशीच पलटणीत शिरली होती. हिंदी अधिकारी आपल्या तलवारीची मूठ पुढे करायचे आणि पाहुण्या लाटसाहेबानं तिला नुसता हात लावून ती परत करायची. द्यायचं आणि घ्यायचं नाही, पण दिलेलं दिसलं पाहिजे. शिष्टाचार म्हटला की आपल्याला वाटतं वरवरचा मुलामा. मला मात्र वाटतं, माणसं जे तोंडानं कबूल करणार नाहीत ते शिष्टाचारात कबूल करून टाकतात.

आता नावांकडे वळू. पलटणींना टोपणनावं देण्याची हौस इंग्रजांच्या सैन्यात अफाट होती. सरकारी नाव म्हणजे एक आकडा. ५०वी, ५७वी, २८वी. आकड्यासाठी कुणी मरत नाही, असं आपण सहज म्हणतो. ते तितकं खरं नाही. आकड्याचाही माणसाला जीव लागतो, ते पुढे बघू. पण आकडा असला तरी माणसं त्याच्या शेजारी आणखी एक नाव ठेवतातच.

त्यांच्या ५०व्या पलटणीच्या लाल डगल्याला काळी कॉलर आणि काळ्या बाह्या होत्या. स्पेन-पोर्तुगालच्या लढायांत घाम आला की शिपाई बाहीनं तोंड पुसायचे आणि काळा रंग तोंडाला लागायचा. तेव्हापासून ती पलटण 'मळकं अर्धशतक'. हे नाव कौतुकाचं नव्हे. शेजारच्या पलटणीनं केलेली ही टवाळी आहे. पण पुढे त्यांना दुसरं कुणी तसं म्हणालं तर आवडायचं आणि न म्हणालं तर चुकल्यासारखं वाटायचं.

५७वीची गोष्ट वेगळी. १६ मे १८११, स्पेनमधलं अल्बुएरा. कर्नल इंग्लिस जखमी होऊन पडला, पण त्यानं स्वतःला मागे नेऊ दिलं नाही. तिथूनच तो ओरडत राहिला की ५७वीनं चिवटपणे मरावं. साडेपाचशे-सहाशे माणसांपैकी चारशेहून अधिक मेली वा जखमी झाली. त्यांचं नाव पडलं 'डाय हार्ड्स'. आज इंग्रजीत हट्टी राजकारण्यालाही तो शब्द लावतात, सिनेमालाही लावला. त्या सकाळी ओळीत उभं राहून पडलेल्यांचं हे नाव आहे, याची आठवण फारशी कुणाला नसते.

तिसरी गोष्ट सांगताना माझ्या वयाच्या माणसानं जरा जपायला हवं, पण सांगतोच. २१ जून १८१३, व्हिटोरियाची लढाई. नेपोलियनचा भाऊ जोसेफ, ज्याला नेपोलियननं स्पेनच्या गादीवर बसवलं होतं, तो रथ टाकून पळाला. १४व्या लाइट ड्रॅगून्सच्या स्वारांनी रथ लुटला. त्यांच्या हाती काय लागलं? राजाचं चांदीचं, रात्री पलंगाखाली ठेवायचं भांडं. मंडळी, आपल्याकडे भर सभेत त्याचं नाव घेत नाहीत. बाकीच्या पलटणी हसून लोळल्या आणि १४वीचं नाव पडलं 'बादशहाच्या मोलकरणी'. आता यावर काय करावं? भांडावं? भांडं लपवावं? त्यांनी ते भांडं मेसच्या टेबलावर ठेवलं. त्याला 'बादशहा' असं नाव दिलं. मेजवानीच्या रात्री त्यात शॅम्पेन ओतून तोंडाला लावायची रीत पाडली. पलटणीचं विलीनीकरण होत होत आज तिचा वारसा किंग्ज रॉयल हुसार्सकडे आहे, आणि ते भांडंही.

मला यात फार मोठी युक्ती दिसते. टोमणा परत करता येत नाही. तो मारणाऱ्याच्या तोंडात असतो. पण तो आपल्या टेबलावर मांडला, त्याला मानाचा विधी जोडला, की टोमणा मारणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. आपल्या संतांनी हे केलेलं आहे. 'वेडा' म्हणाल तर वेडा. पण संत एकटा करतो, इथे पाचशे माणसं मिळून करतात, आणि पुढे त्यांच्या जागी आलेली पाचशे माणसं तेच चालू ठेवतात. जोसेफचा रथ लुटणाऱ्यांपैकी एकही आज नाही. तरी भांडं 'आमचं'. ज्या जहाजाची एक एक फळी बदलली ते जहाज तेच का, हा ग्रीकांचा प्रश्न मी वर्षानुवर्षं वर्गात घेतला. पलटण हे त्याचं उत्तर नसेल, पण चांगलं उदाहरण नक्कीच आहे.

टोपणनाव सरकारला हुकुमानं देता येत नाही, असं मी म्हणालो. सरकार फार तर मागाहून मान तुकवतं. १९व्या पलटणीचा प्रमुख हॉवर्ड होता. आणखी एका पलटणीचा प्रमुखही हॉवर्डच. घोटाळा नको म्हणून लोक डगल्याच्या रंगावरून एकीला 'हिरवे हॉवर्ड' म्हणू लागले. अठराव्या शतकातली ही गोष्ट. सरकारी नावात तो शब्द यायला १९२० च्या आसपासचं साल उजाडलं. पावणेदोनशे वर्षं शिपाई म्हणत होते, मग कागद म्हणाला.

बरं, आता आपल्या सुभेदारांकडे येऊ.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेची १८२४ साली पुनर्रचना झाली, तेव्हा एका पलटणीला पाचवा क्रमांक मिळाला. तिच्या लाल डगल्याची कॉलर आणि बाह्या काळ्या. इंग्रजांच्या ५०वीसारख्याच. म्हणून 'काली पांचवी'. हिंदुस्तानी शब्द, कारण पलटणीची बोली हिंदुस्तानी. शिपाई कोकणातला असो की देशावरचा, हुकूम, शिव्या आणि टोपणनावं त्याच बोलीत. खुद्द 'पलटण' हा शब्दही परदेशी 'बटालियन'-'प्लाटून'च्या घराण्यातून आपल्याकडे आला, आणि आता तर आपण कुणाच्या घरी लेकरं फार असली तरी 'पलटण' म्हणतो.

या पाचवीनं १८४० साली बलुचिस्तानात काहूनचा किल्ला धरला. किल्ला म्हणजे मातीची तटबंदी. कॅप्टन लुइस ब्राउन, पाचवीचे सुमारे दीडशे शिपाई, एक तोफ. भोवती मर्री टोळ्या. मे महिन्यात ते आत गेले. ऑगस्टच्या अखेरीस त्यांच्यासाठी दाणागोटा घेऊन मदत निघाली. नफुस्कच्या खिंडीत मर्रींनी तिचा पार धुव्वा उडवला. मदत येणार नाही हे कळल्यावरही आतली माणसं टिकून राहिली. सप्टेंबरच्या शेवटी मर्रींच्या सरदारानंच सांगितलं, किल्ला सोडा, वाट देतो. भुकेनं आणि आजारानं खंगलेली ती माणसं हत्यारांसह बाहेर पडली आणि ती तोफ घाटातून ओढत घेऊन आली. शत्रूनं शब्द पाळला, हेही नोंदवायला हवं. पुढच्याच वर्षी पलटणीला 'लाइट इन्फंट्री' हा मान मिळाला. हा हुकुमाचा मान. त्याची खूण म्हणजे भरभर पडणारं पाऊल. लाइट इन्फंट्रीची चाल मिनिटाला १४० पावलांची. बेळगावच्या मराठा सेंटरवर ज्यांनी ती परेड पाहिली असेल त्यांना बाकीच्या परेडी संथ वाटतात.

आता आकड्यांचं काय झालं ते बघा. १९०३ साली लॉर्ड किचनेरनं सगळ्या हिंदी सैन्याला एकच क्रमवारी लावली. मुंबईच्या पलटणींच्या आकड्यांत शंभर मिळवले. पाचवीची झाली १०५वी. निदान शेवटी पाच तरी राहिले. १९२२ साली पुन्हा फेरमांडणी. १०३, १०५, ११०, ११६, ११७ अशा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा रेजिमेंट केली आणि १०५वी झाली तिच्यातली दुसरी बटालियन. म्हणजे रेजिमेंटचा क्रमांक पाच आणि हिचा दोन! गोंधळाची कमाल. पुढे रेजिमेंटचा तो पाचही गेला. उरली 'दुसरी मराठा'. लाल डगला तर केव्हाच गेला होता. त्याबरोबर काळी कॉलरही. खाकी आली, मग हिरवा गणवेश आला.

म्हणजे आज त्या पलटणीत काळं काही नाही आणि पाचवंही काही नाही. नाव मात्र 'काली पांचवी'.

आपल्या नैयायिकांनी शब्दांचे प्रकार केले आहेत. 'पाचक' म्हणजे शिजवणारा. अवयवांचा अर्थ जोडला की शब्दाचा अर्थ मिळतो, म्हणून तो यौगिक. 'पंकज' म्हणजे चिखलात जन्मलेलं. पण चिखलात बेडूकही जन्मतो, त्याला कुणी पंकज म्हणत नाही. कमळच. तो योगरूढ. आणि ज्यात अवयवार्थाचा काही उपयोगच नाही तो रूढ. 'काली पांचवी' हा शब्द माझ्या मते या तिन्ही पायऱ्या उतरला आहे. १८२४ नंतर तो सरळ यौगिक होता. १०५वी असताना अर्धा अर्थ लागत होता. आज निव्वळ रूढ. सुभेदार "ते बी तसंच" म्हणाले तेव्हा ते न्यायशास्त्रच बोलत होते, फक्त थोडक्यात.

आकड्याचाही जीव लागतो म्हणालो ते यासाठी. इंग्लंडमध्ये १८८१ साली सरकारनं पलटणींचे जुने क्रमांक काढून जिल्ह्यांची नावं दिली. ५७वी आणि ७७वी मिळून मिडलसेक्स रेजिमेंट झाली. लष्करात हळहळ झाली. आकडा हाच मुळी सरकारनं दिलेला. तो काढल्यावर तो आपला होता हे कळलं. अशा वेळी टोपणनाव ही पळवाट असते. कागद बदलतो तेव्हा जुनं नाव त्यात लपून राहतं. 'पांचवी' तशीच लपून राहिली.

माणसाचंही असं होतं. जेम्स स्किनर हे नाव तुम्ही ऐकलं असेल. बाप स्कॉटिश, आई राजपूत, म्हणून कंपनीच्या फौजेत त्याला अधिकारी होता येईना. तो शिंद्यांच्या कवायती फौजेत नोकरीला लागला. १८०३ साली इंग्रजांचं मराठ्यांशी युद्ध लागलं तेव्हा ते दार बंद झालं, आणि मग इंग्रजांकडून त्यानं घोडदळ उभारलं. पिवळे अंगरखे, म्हणून त्याचे स्वार 'पिवळे'. शिपायांना स्किनर म्हणता येईना. त्यांनी त्याला 'सिकंदर साहेब' करून टाकलं. ज्याला कंपनी सनद देईना, त्याला त्याच्या माणसांनी सिकंदराचं नाव दिलं.

पण सगळीच नावं अशी खालून येत नाहीत. काही वरून येतात, आणि तिथे मला थोडं अवघडल्यासारखं होतं. इंग्रज शिपायाला 'टॉमी ॲटकिन्स' म्हणत. ते मुळात लष्करी छापील नमुन्यांत भरलेलं उदाहरणाचं नाव, आपल्या 'अमुक तमुक'सारखं. मराठा शिपायाला लष्करात 'गणपत' म्हणतात. प्रेमानं म्हणतात, हे खरं. आमचे सुभेदारही हसत म्हणायचे, "आमी गणपतच." पण 'काली पांचवी' आणि 'गणपत' यांत मला फरक वाटतो. पहिल्या नावामागे त्या पलटणीचा डगला आहे आणि त्या पलटणीचा काळ आहे. दुसरं नाव मुठीत मावेल अशी एक जात-जमात तयार करतं. हे सगळे एकसारखे, काटक, साधे, विश्वासू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज सेनाधिकाऱ्यांनी हिंदुस्थानातल्या माणसांची अशी वर्गवारीच केली. अमुक जात लढाऊ, तमुक नाही. १८८५ ते १८९३ लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती होता, तो या मताचा खंदा पुरस्कर्ता. वर्ग पाडला की कुणी आत जातो, तसा कुणी बाहेरही पडतो.

आता ती शेवटची गोष्ट.

मुंबई फौजेत महार शिपाई सुरुवातीपासून होते. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला लढलेल्या पलटणीत होते. तिथल्या स्तंभावर कोरलेल्या अनेक नावांच्या शेवटी 'नाक' आहे. बंगालच्या फौजेत वरच्या जातींचा भरणा. मुंबईच्या फौजेत मात्र एका कंपनीत अनेक जातींची माणसं शेजारी शेजारी उभी राहायची. मुंबईच्या अधिकाऱ्यांना त्याचा अभिमान होता.

आता सुरुवातीचं टोपीचं वाक्य आठवा. सॅल्यूट माणसाचा नसतो, हुद्द्याचा असतो. शिष्टाचाराचं पुस्तक लिहिणाऱ्याला यात विशेष काही वाटलं नसेल. पण हे वाक्य घेऊन त्या काळातल्या आपल्या एखाद्या गावात चला. तिथे मान हा माणसाला जन्मानं चिकटलेला. महारानं दुरून, वाकून 'जोहार मायबाप' म्हणायचं. त्याला टोपी घाला नाही तर मुकुट घाला, फरक नाही. आणि तोच माणूस पलटणीत सुभेदार झाला की हाताखालच्या शिपायानं, मग तो कुठल्याही जातीचा असो, टाच जुळवून त्याला सलाम करायचा. त्या शिपायाच्या मनात काहीही असेल. नियमाला मनाशी देणंघेणं नव्हतं. आपण एरवी म्हणतो, मनातून नसलेला नमस्कार खोटा. मीही वर्गात असंच शिकवत आलो. या ठिकाणी मात्र मला माझं मत बदलावं लागलं. तो सलाम मनापासून असण्यावर अवलंबून असता, तर त्या सुभेदाराला तो कधीच मिळाला नसता.

रजेवर तो गावी यायचा. पलटणीत सलाम, चावडीपुढे जोहार. एकाच माणसाची एकाच महिन्यातली ही दोन अंगं. मला वाटतं, ज्यानं एकदा सलाम घेतला त्याला जोहार ही निसर्गाची व्यवस्था आहे हे पुन्हा पटवता येणं अवघड झालं असेल.

१८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद झाली. जातवार पलटणी करायच्या धोरणात त्यांना जागा राहिली नाही. लढाईत ते कमी पडले, असं काही घडलं नव्हतं. एक सही झाली आणि दार लागलं. मघाशी मी म्हटलं की हुकुमानं मिळालेला मान स्वच्छ असतो, माणसाची जात बघत नाही. त्याच मानाची ही दुसरी बाजू. जो सहीनं येतो तो सहीनं जातो.

कोकणात दापोलीला लष्कराचा कॅम्प होता आणि तिथे महार पेन्शनरांची मोठी वस्ती होती. गोपाळबाबा वलंगकर हे त्यांतले. सैन्यातून निवृत्त झालेले. त्यांनी १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' हे पुस्तक काढलं, आणि १८९४ साली भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज लिहिला. १९१० साली पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. मला सांगा, पगार, पेन्शन, पोरांना शाळा या गोष्टी त्यात होत्याच. पण केवळ पोटासाठी माणसं वीस-वीस वर्षं अर्ज करत राहतात का? जिथे दुसऱ्या माणसाला आपल्याला सलाम करावा लागतो अशी त्यांना माहीत असलेली ती एकच जागा होती.

१९१७ साली, पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली, तेव्हा १११वी महार ही पलटण उभी केली. १९२१ साली मोडली. चार वर्षांत काय होणार? टोपणनाव रुजायला दोन-तीन पिढ्या लागतात. आधी कुणीतरी चिडवावं लागतं, मग त्यावरून भांडावं लागतं, मग म्हाताऱ्यांनी ते नव्या पोरांना सांगावं लागतं. चार वर्षांत फक्त आकडा मिळतो. पुढे ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली, तेव्हा टोपीवरच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ घेतला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या, दुसऱ्याच नावाच्या पलटणीची आठवण. मधला तुटलेला धागा त्यांनी बिल्ल्यानं जोडला. स्वातंत्र्यानंतर तो बिल्ला बदलला, स्तंभाच्या जागी खंजीर आला. पण रेजिमेंट राहिली.

एक शेवटची गोष्ट सांगतो आणि थांबतो. आपल्याकडे पेन्शनीत निघालेल्या माणसाचा हुद्दा कुणी काढून घेत नाही. गाव त्याला मरेपर्यंत हवालदार म्हणतं, त्याच्या सुनेला हवालदाराची सून म्हणतं. सुभेदार, जमादार, हवालदार, नाईक ही आडनावं आपल्या मतदार यादीत भरपूर सापडतील. साताऱ्याजवळच्या एका गावाचं तर नावच 'आपशिंगे मिलिटरी'. सरकारनं हुद्दा नोकरीपुरता दिला, लोकांनी तो टोपणनावासारखा कायमचा वापरला.

बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते, सुभेदार होते. १८९१ साली महूच्या छावणीत बाबासाहेबांचा जन्म झाला. नंतर थोड्याच काळात वडिलांची पेन्शन झाली आणि ते कुटुंबासह दापोलीला आले. नेमक्या त्याच सुमाराला त्यांच्या जातीला भरतीचं दार लागलं होतं. आता त्यांना सलाम करायला कुणी बांधील नव्हतं. तरी मराठीतल्या चरित्रांत, गाण्यांत, बोलण्यात ते 'सुभेदार रामजी' किंवा 'रामजी सुभेदार' असेच येतात. टोपी नसतानाही.

आमच्या सुभेदारांना हे ऐकायला मिळालं असतं तर त्यांनी काय म्हटलं असतं याचा मी विचार करतो. बहुधा चहा पुढे केला असता. असो, वेळ झालेली दिसते. पहिल्या रांगेत दोन निवृत्त फौजी गृहस्थ बसलेत, ते मघापासून एकमेकांकडे बघून हसताहेत. प्रश्नोत्तरांची सुरुवात त्यांच्यापासून करू. माझं कुठे चुकलं ते त्यांनी आधी सांगावं.